चिखलात उभा राहील असा पाय

प्लास्टर कापून डॉक्टरनं पाय मोकळा केला तेव्हा सुशिलाबाईला तो आपला वाटलाच नाही. पोटरी आत ओढलेली, कातडीचे पापुद्रे सुटलेले, आणि घोटा तेवढा सुजून गोल. तिनं बोटं हलवून पाहिली, ती हलली. पाऊल वर उचलायला गेली तर ते जागचं उठेना. दुसऱ्याच कुणाचं पाऊल आणून आपल्या गुडघ्याखाली लावल्यासारखं तिला झालं.

“हाड जुळलं आहे,” डॉक्टर एक्स-रेकडे बघत म्हणाला. “आता आराम करायचा, थोडं थोडं चालायचं. व्यायाम बाजूच्या खोलीत मॅडम सांगतील.”

बाजूच्या खोलीत आचल नावाची एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. बाहेर बाकावर माणसं दाटीनं बसलेली, कुणाची मान, कुणाचा गुडघा. आचलनं पाय इकडून तिकडून पाहिला, फरशीवर एक जुना टॉवेल पसरला आणि म्हणाली, “मावशी, पायाच्या बोटांनी हा टॉवेल गोळा करायचा. मग घोटा गोल फिरवायचा, दोन्ही बाजूंनी. रोज करा. महिन्यानं दाखवा.” एवढं बोलून तिनं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

ऑटोत बसल्यावर सुशिलाबाई मुलाला म्हणाली, “टॉवेल गोळा कर म्हणते. मले का आंगनवाडीत घालून राहिली ते?”

उमेंद्र हसला. “कर ना माय. तसंही तुले आता काय करायचं आहे?”

हे शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. सुशिलाबाईच्या मात्र ते डोक्यात बसलं.

तिच्या गावात, बिरसीत, सुशिलाबाई चुटे म्हटलं की रोवण्याच्या दिवसांत बायका सरकून तिला मधली जागा देत. तिची ओळ पकडून दोन्हीकडच्या ओळी चालत. कमरेत वाकून, चिखलातून पाय उपसत, मागं मागं जात धानाचं एकेक रोप खोचायचं. सकाळपासून ऊन कलेपर्यंत. नवरा केशोराव शुगरनं थकला तशी नांगरणीपासून मळणीपर्यंत सगळी शेती तिच्याच अंगावर आली होती आणि तिनं ती कुरकुर न करता ओढली होती. डोक्यावरून गावाजवळच्या विमानतळावरच्या शिकाऊ पायलटांची लहानगी विमानं दिवसभर घिरट्या घालत. नवख्या मजूर बाया माना वर करून पाहत राहत. सुशिलाबाई त्यांना म्हणे, “ते पडनार नाई, तुमी हातातलं पाहा.”

पडली ती स्वतः. उशिरा पिकणाऱ्या जड धानाची कापणी उरकत आली होती. धानाचा भारा डोक्यावर घेऊन ती धुऱ्यावरून चालली होती. दोन बांध्यांमधला, म्हणजे भाताच्या दोन खाचरांमधला, तो मातीचा बांध रात्रीच्या अवकाळी पावसानं भिजलेला होता. त्याची कड पायाखालून सुटली. भारा एकीकडं, बाई दुसरीकडं, आणि पाऊल मधेच आतल्या अंगाला मुडपलं. शेजारची रुख्मा मागं होती. तिनं हाड मोडल्याचा आवाज ऐकला, असं ती अजून सांगते.

मग गोंदियाचा दवाखाना, प्लास्टर, आणि शहराला लागूनच असलेल्या फुलचूरला उमेंद्रच्या घरी मुक्काम. उमेंद्रचं मोबाइलचं दुकान चांगलं चालत होतं. सून अंजू मनानं सरळ, वेळेवर खायला-प्यायला देणारी. तक्रारीला जागा नव्हती. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसे, एवढंच.

प्लास्टर निघाल्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. सुशिलाबाई पलंगावर बसून टॉवेलाशी झटत होती. अंजू शेंगा सोलत होती. सुशिलाबाई सहज म्हणाली, “उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले असतील का यायनं? या बुढ्याले सांगतल्याशिवाय काही सुचत नाही.”

“दुर्गाप्रसादकाकांनी रोपं टाकली असतील ना,” अंजू म्हणाली. “आता शेती त्यांच्याकडंच आहे तर.”

“कोनाकडे?”

अंजूचा हात थांबला. सासूच्या तोंडाकडं पाहून तिला कळलं, आपण काय बोलून बसलो. “आई, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. ठेक्यानं दिली ना. बाबा आणि हे, दोघांनी मिळून.”

पायाच्या बोटांत धरलेला टॉवेल सुशिलाबाईनं हातानं उचलला आणि भिंतीवर फेकला.

संध्याकाळी उमेंद्र दुकानातून आला तेव्हा ती दारातच खुर्ची टाकून बसली होती. “वावर कोनाले विचारून देलं?”

“माय, आधी आत चाल.”

“आत नाई जात. इथंच सांग.”

उमेंद्रनं चपला काढल्या, गाडीची चावी हातात घोळवत उभा राहिला. “कोण करणार होतं? बाबाले जमत नाही. मले दुकान आहे. तुह्या पायाचं तं असं झालं. दुर्गाप्रसादकाका आपल्यातलाच माणूस आहे, शेजारचंच वावर त्याचं. पडीत ठेवाचं होतं का?”

“मले विचारलं का?”

“तू दवाखान्यात होती.”

“तोंड मोडलं होतं का माह्यं? पाय मोडला होता.”

“माय, पाय पाहून घे तुह्या. धड उभी नाही राहता येत अन् रोवणे करतो म्हणून राहिली.”

पायाचं तो म्हणाला ते खरं होतं. सातबारा केशोरावच्या नावाचा, अक्कल उमेंद्रची, आणि तिच्या बाजूनं बोलायला एक पाय होता. तो असा लुळा. त्या पायाचाच तिला इतका राग आला की रात्रीचं जेवण तिनं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी उमेंद्रचा मित्र गुड्डू घरी आला. पलीकडच्या चौकात त्याची जिम होती. दंड फुगलेले, बोलणं सगळं हिंदीतून. सुशिलाबाईनं आपण होऊन त्याला विचारलं, “गुड्डू, पाय लवकर कसा मजबूत होते?”

“आंटी, टॉवेल-वॉवेल से कुछ नहीं होता,” गुड्डू म्हणाला. “जंप करना पड़ता है. एक पैर पे. दोरी कूदो. मसल को झटका लगना चाहिए.” त्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक धिप्पाड गोरा माणूस एका पायावर लाकडी खोक्यावर उडी मारत होता, परत खाली, परत वर.

सुशिलाबाईला ते पटलं. यात मेहनत दिसत होती, घाम दिसत होता. आयुष्यभर तिनं ज्याला काम म्हटलं ते असंच होतं. उमेंद्र दुकानात आणि अंजू बाजारात गेली की ती पलंगाचा दांडा धरून एका पायावर उड्या मारू लागली. पहिल्या उडीलाच कळ थेट गुडघ्यापर्यंत आली. दात खाऊन तिनं पुढची मारली. मनात एकच होतं, उमेंद्रला चालून दाखवायचं. तीन-चार दिवसांत पाय असा सुजला की घोट्याचं हाड दिसेना आणि चपलेत पाऊल जाईना. अंजूनं पाहिलं आणि ऑटो बोलावला.

आचलनं सुजेवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. “काय केलं मावशी?”

“उड्या मारल्या.”

“कुणी सांगितलं?”

“गुड्डूनं. जिमवाला आहे.”

“आणि तुम्ही मारल्या.” आचलचा आवाज चढला. “हाड जुळून किती दिवस झाले? परत मोडलं असतं तर? मी सांगितलेलं केलं का? टॉवेल?”

“टॉवेल,” सुशिलाबाईचाही आवाज चढला. “टॉवेल देला तुमी अन् भायेर हाकललं. कायले कराचा ते नाई सांगतलं, त्यानं काय होते ते नाई सांगतलं. त्यानं निदान सांगतलं तरी, पाय लवकर कसा होते ते. इथं सारे मले बसवाले बसले हायेत. पोरगा बसवते, बुढा बसवते, डॉक्टर म्हणते आराम करा. मले नाई बसाचं.”

बाहेर बाकावरची माणसं माना वळवून आत पाहायला लागली. अंजू दाराशी उभी होती, तिनं हळूच पडदा ओढला. आचल चिडलेलीच होती, पण पुढच्या माणसाला तिनं हाक मारली नाही. स्टूल ओढून समोर बसली.

“बरं. या पायानं काय करायचं आहे तुम्हाला, ते सांगा.”

पाय मोडल्यापासून हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. सुशिलाबाई म्हणाली, “रोवणे कराचे हायेत.”

“म्हणजे नेमकं काय करता? मी गोंदियाची आहे मावशी, मी कधी रोवणी केली नाही. करून दाखवा.”

सुशिलाबाई उठली, पलंगाला टेकून वाकली. गुडघा पुढं गेला तशी मोडलेल्या पायाची टाच जमिनीवरून उचलली गेली. “हे पाहा,” आचल म्हणाली, “घोटा जाम आहे. गुडघा पुढं जातो आणि टाच खाली राहत नाही. चिखलात तुमचा तोल इथंच जाणार. आता एका पायावर उभ्या राहा. माझा हात धरा, उडी नको.” चांगल्या पायावर ती खांबासारखी उभी राहिली. दुसऱ्यावर उभी राहताच सगळं अंग थरथरलं आणि तिनं आचलचा खांदा पकडला. मग आचलनं तिला दोन्ही टाचा उचलायला लावल्या. सगळं वजन आपोआप चांगल्या पायावर गेलं. शेवटी तिनं पावलाच्या बाहेरच्या कडेला तळहात लावला आणि म्हणाली, “मला ढकला.” मोडलेल्या पायाला तो हात हलवता आला नाही.

“धुरा सुटला तेव्हा पाऊल आत मुडपलं ना? ते धरून ठेवायचं काम ही बाहेरची बाजू करते. आता तीच ढिली आहे. म्हणून परत मुडपेल.” आचल आता सावकाश बोलत होती. “मोबाइलवर पायाचे ढीगभर व्यायाम आहेत. सगळे चांगलेच आहेत, पण सगळे तुमचे नाहीत. तुमचा पाय कुठं कमी पडतो, तेवढेच घ्यायचे. घोटा जाम आहे, तर भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. बाहेरची बाजू ढिली आहे, तर रबर बांधून पाऊल बाहेर ओढायचं, मग आत, मग वर. चिखलातून पाय वर उपसता ना, त्याला वर ओढायची ताकद लागते. पोटरी गेली आहे, तर टाचा उचलायच्या. आधी दोन्ही, मग एक. आणि तोल. तो तर रोजच.”

“अन् उड्या?”

“रोवणीत कोण उड्या मारतं?”

सुशिलाबाईला हसू आलं असतं, पण तिनं येऊ दिलं नाही. “अन् टॉवेल?”

“चिखलात बोटं काय करतात?”

तिनं विचार केला. चिखलात उभं राहायचं तर बोटांनी माती धरून ठेवावी लागते, नाहीतर पाय घसरत मागं जातो. हे तिला माहीत होतं, फक्त ते कधी शब्दांत आलं नव्हतं.

“तेव्हाच सांगाचं होतं ना मंग,” ती म्हणाली.

“हो, सांगायला पाहिजे होतं,” आचल म्हणाली. “आता हेही ऐका. व्यायाम करताना थोडं दुखेल, चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली, की आदल्या दिवशी जास्त झालं समजायचं आणि कमी करायचं. घाई केली तर हा पाय तुम्हाला रोवणीपर्यंत नेणार नाही.”

सूज उतरल्यावर सुशिलाबाईनं बिरसीला जायचा हट्ट धरला. उमेंद्र नको म्हणाला, मग ओरडला, मग बोलेनासा झाला. शेवटी अंजूनंच तिची पिशवी भरली आणि बसस्टँडवर सोडलं.

केशोराव ओसरीत बसला होता. ती फाटकातून आत आली, काठी भिंतीला टेकवली आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता चूल पाहायला गेली. पुढचे कितीतरी दिवस ती त्याच्याशी फक्त जेवा, गोळी घ्या, एवढंच बोलली.

व्यायाम मात्र बोलून बोलून करी. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिनं खाटेच्या पायाला बांधली आणि पाऊल त्यात अडकवून बाहेर ओढू लागली. स्वयंपाकघराच्या भिंतीला गुडघा टेकवायला लागली. सुरुवातीला भिंत दूरच राही. चौकट धरून टाचा उचलताना प्रत्येक खेपेला एकेक नाव घेई. टाच वर, “उमेंद्र.” टाच खाली. टाच वर, “दुर्गाप्रसाद.” मग ओसरीत बसलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, “केशोराव.” आयुष्यात तिनं नवऱ्याचं नाव असं घेतलं नव्हतं.

एक दिवस केशोरावनं ऐकून घेतलं नाही. ती खाटेवर बसून ट्यूब ओढत होती. तो येऊन समोरच्या पाटावर बसला.

“उमेंद्रले नोको बोलू,” तो म्हणाला. “त्यानं नाई काढलं ठेक्याचं. मी काढलं.”

ट्यूब सुटून खाटेच्या पायावर आपटली.

“तुमी?”

“माह्याच जीव नाई राहिला शेतीत. दोन-चार वर्षं झाले. तू मोहरं मोहरं चालत होती म्हणून मी मागं मागं येत होतो. तुले सांगाले भेव वाटे. तुह्या पाय मोडला अन् मले वाटलं, आता बोलता येते.”

“माह्या पायाच्या आडोशानं.”

“हो,” केशोराव म्हणाला. “तसंच समज.”

तिला वाटलं होतं तिच्यावर दया आली म्हणून वावर गेलं. दया तरी माणूस झटकून टाकू शकतो. इथं तर ती वेदनेनं कण्हत पडलेली असताना नवऱ्यानं तिच्या मोडक्या पायाची संधी साधली होती. “तुमाले बसाचं होतं तं बसाचं होतं,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “मी का ओढून नेत होती तुमाले? मले कायले बसवलं?”

केशोराव उठून फाटकाबाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

त्या दिवशी रागाच्या भरात तिनं ट्यूब दुहेरी केली आणि हात-पाय गळेपर्यंत ओढली. सकाळी घोटा परत भरलेला. आचलचं बोलणं आठवून तिनं एक दिवस पाय उशीवर ठेवला, दुसऱ्या दिवशी ट्यूब पुन्हा एकेरी केली. हे तिला सगळ्यात जड गेलं. राग तर असा होता की आजच्या आज चिखलात उतरावं, आणि पाय म्हणत होता, दमानं घे. कुणावरच्याही रागानं पोटरी एका दिवसात भरत नाही, हे तिला रोज सकाळी घोट्याकडं पाहून कळत होतं. मग तिनं रागाला रोजच्या कामाला लावलं. टाचा उचलायच्या, पण ठरल्या तेवढ्याच. नावं तीच, पण शेवटी शेवटी ती नावं घेताना तिला धाप लागेनाशी झाली.

उन्हाळाभर ती पुढं सरकत राहिली. दात घासताना मोडलेल्या पायावर उभं राहणं जमायला लागलं; मग घडी केलेल्या गोधडीवर उभी राहू लागली, कारण मऊ जागेवर पाय खरा डगमगतो. मधून मधून गोंदियाला जाई. आचल हात लावून पाही, एखादा व्यायाम काढून टाकी, एखादा नवा देई. एकदा आचल म्हणाली, “आता उलटं चाला.” घरामागच्या सांदवाडीत, परसात, सुशिलाबाई उलटी चालू लागली तेव्हा रुख्मा कुंपणावरून पाहत उभी राहिली.

“वयनी, येडी झाली का?”

“रोवण्याची तयारी करून राहिलो.”

“कोनाचे रोवणे? तुमचं वावर तं...”

“माहीत आहे कोनाकडे आहे ते,” सुशिलाबाई म्हणाली. “माती ओली करून दे मले जरा. पायपाचं पानी सोड इकडे.”

रुख्मानं पाणी सोडलं. त्या दिवशी तिनं अनवाणी पाय ओल्या मातीत घातला आणि बोटांनी माती धरली. पाय थरथरला, पण घसरला नाही.

पावसाळा लागला, बांध्या भरल्या, चिखलणी झाली. रुख्माकडं बायांची टोळी होती. दुर्गाप्रसादनं तिलाच रोवण्याचं सांगितलं होतं. सुशिलाबाई आदल्या दिवशी तिच्या घरी गेली.

“उद्या मी येतो टोळीत.”

रुख्मा भाजी चिरता चिरता थांबली. “उद्या तं दुर्गाप्रसादच्या... म्हणजे तुमच्याच बांधीत आहे.”

“म्हणूनच येतो. सगळ्यायले जे मजुरी असन तेच मले.”

“वयनी, गाव काय म्हणन?”

“मले नाई, त्यायले विचारन गाव.”

सकाळी ती बायांबरोबर गेली. धुऱ्यावरून चालताना बाहेरची कड टाळून मधून चालली. मग लुगडं खोचून, पऱ्ह्यांची पेंढी हातात घेऊन स्वतःच्या बांधीत उतरली. चिखल पोटरीपर्यंत आला. पहिलं पाऊल मागं घेताना मोडलेल्या घोट्यात कळ उठली आणि ती थांबली. बाया पाहत होत्या. तिनं बोटं रोवली, टाच खाली राहू दिली, पाय वर ओढला. तो सुटला आणि मागं जाऊन टेकला. मग पुढचं पाऊल. रुख्मानं नेहमीसारखी तिला मधली जागा सोडली होती.

दुर्गाप्रसाद छत्री घेऊन आला आणि धुऱ्यावरच थबकला. “वयनी, हे काय? तुमी कायले उतरल्या?”

“टोळीत आली आहो. मजुरी देऊन राहिला ना साऱ्यायले? मले पन दे.”

“तसं नाई जी. आपल्याच वावरात तुमी मजुरीनं...”

“आपलं कसं? ठेका तुह्याकडे आहे. तू मालक, मी मजूर. ओळ वाकडी जाऊन राहिली असन तं सांग.”

दुर्गाप्रसादनं बाजूला जाऊन फोन लावला. दुपारच्या आधीच उमेंद्रची मोटारसायकल रस्त्यावर थांबली आणि तो बूट घातलेलाच धुऱ्यावरून जवळजवळ पळत आला.

“माय, बाहेर ये.”

ती वाकलेलीच राहिली. “ओळ होऊ दे.”

“लोक हसून राहिले. उमेंद्रची माय आपल्याच वावरात मजुरीनं गेली म्हणून चौकात बोलून राहिले. माह्यं नाक कापाचं होतं का तुले?”

ओळ धुऱ्यापाशी आली तेव्हा ती सरळ झाली. चिखलाचे हात कमरेवर ठेवून मुलाकडं पाहिलं. “तुह्या नाकाचं मले नको सांगू. तू मले बसवलं. माह्या बापानं देली म्हणून मी या घरी आली, पन हे वावर मी केलं. तुह्या बापाले नाई जमलं, तुले नाई जमलं, तं मी केलं. अन् तुमी दोघांनी एका रात्री देऊन टाकलं, मले नाई पुसता.”

“तू पडली तवा मले फोन आला,” उमेंद्र म्हणाला. “रुख्माकाकू नुसती रडून राहिली होती. मले वाटलं गेली तू. फुलचूरहून बिरसीपर्यंत मी कसा आलो मले नाई माहीत. मले तू परत या धुऱ्यावर नको होती. बस.”

बायांनी माना खाली घातल्या. सुशिलाबाईला हे माहीत नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, हात धुवावे आणि वर यावं. पण राग इतक्या सहज जागा सोडणारा नव्हता.

“भेव वाटलं, तं तसं म्हनाचं होतं,” ती म्हणाली. “माय, मले भेव वाटते म्हनाचं. मी आयकलं असतं. भेव तुले अन् वावर माह्यं गेलं, हे कोनतं?”

ती परत वाकली आणि पुढची ओळ धरली. उमेंद्र बराच वेळ धुऱ्यावर उभा होता, मग गेला. त्या दिवशीची मजुरी तिनं दुर्गाप्रसादच्या हातून सगळ्यांसमोर घेतली. संध्याकाळी पाय सुजला होता. घरी आल्यावर केशोरावनं न सांगता बादलीत गार पाणी आणून तिच्यासमोर ठेवलं. तिनं त्यात पाय घातला आणि आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती घरी राहिली, तिसऱ्या दिवशी परत गेली.

धान कापून झाल्यावर केशोराव धोतर बदलून कुठंतरी निघाला. परत आला तेव्हा म्हणाला, “दुर्गाप्रसादले सांगून आलो. पुढं आपनच करू.”

“आपन नाई,” सुशिलाबाई म्हणाली. “मी.”

“बरं. तू.”

“तुमी बसा घरी. कोनी उठवत नाई तुमाले. पन माह्या नावानं नाई बसाचं.”

केशोरावनं मान हलवली. तो आता खरंच घरी बसतो, कोंबड्या पाहतो, आणि कुणी विचारलं तर सांगतो की शेती बायको करते. सातबारा अजून त्याच्याच नावाचा आहे. त्यावरून दोघांचं एकदा भांडण झालं, ते मिटलेलं नाही.

उमेंद्र पोळ्याला आला नव्हता. दिवाळीला आला, अंजूबरोबर. सुशिलाबाईनं त्याला वाढलं, पण फारशी बोलली नाही. जेवण झाल्यावर तो ओसरीत घुटमळला आणि म्हणाला, “माय, पाय कसा आहे?”

“विचाराले वर्ष लागलं तुले.”

तो गेला नाही. तेव्हा तिनं त्याला खाटेवर बसायला सांगितलं आणि पाय कसा आहे ते सांगितलं. थंडीत सकाळी घोटा आखडतो, भिंतीला गुडघा टेकवल्यावर मोकळा होतो. सपाट जागी काही वाटत नाही. उतारावर बाहेरची बाजू अजून दमते, म्हणून तेवढं रबर ओढणं चालू आहे. भारा डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून ती चालत नाही, भारे आता बैलबंडीनं आणायचे ठरवलं आहे. चिखलात अर्धा दिवस सहज निभतो, पूर्ण दिवस केला तर दुसऱ्या दिवशी सूज येते. उमेंद्रनं सगळं ऐकून घेतलं. खिशात त्याचा फोन दोनदा वाजला, त्यानं तो काढला नाही.